आगमनकाळात दुसऱ्यांना आनंद द्यायचा, म्हणजे नेमकं काय करायचं?

तेलाची_कुपी

आमचा बारा जणांचा गट आहे. वयं सतरा ते साठ, त्यात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही. यंदाच्या आगमनकाळात, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांत, एकटे, आजारी किंवा दुःखात असलेल्या लोकांसाठी काही करावं असं ठरलंय. सध्याचा आराखडा असा: डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी वृद्धाश्रमात जाऊन गाणी म्हणायची, भेटवस्तूंची पाकिटं वाटायची, फोटो काढायचे आणि परत यायचं. लिहून काढल्यावर मलाच हे फार उरकल्यासारखं वाटायला लागलं.

जाणकारांना विचारायचं आहे ते असं. चार आठवडे हाताशी असताना त्यांची मांडणी कशी करावी? आगमनकाळात नाताळची गाणी म्हणणं योग्य की नाही, यावर गटात दोन तट पडलेत. दवाखान्यात आणि अंथरुणाला खिळलेल्यांकडे काय न्यावं, काय नेऊ नये? ज्यांच्या घरात याच वर्षी मृत्यू झालाय त्यांच्याशी काय बोलायचं? आणि गटातल्यांची मुलंही यायचं म्हणताहेत, त्यांना शोभेपुरतं उभं न करता खरं काम कसं द्यावं?

"प्रेमाने करा, सगळं जमेल" असे प्रतिसाद कृपया नकोत. तारखा, आकडे, चुका यांबद्दल सांगा.

---

उपासना_पंचांग

आधी दिवस मोजा, कारण इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. आगमनकाळ २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये येणाऱ्या रविवारी सुरू होतो, त्यामुळे तो कधी २२ दिवसांचा असतो, कधी २८. २०२६ मध्ये पहिला रविवार २९ नोव्हेंबरला आहे, म्हणजे २४ डिसेंबर धरून २६ दिवस मिळतात. २०२८ मध्ये मात्र चौथा रविवार थेट २४ डिसेंबरलाच आहे, म्हणजे चौथा आठवडा एका दिवसाचा! म्हणून कुठल्याही वर्षी चौथ्या आठवड्यावर काम ढकलू नका. त्या दिवसांत गायनमंडळाच्या तालमी, पापनिवेदन आणि घरची साफसफाई असते, आणि तुमच्या बारा जणांतले सात गायब असतात.

मधला टप्पा तिसऱ्या रविवारचा, २०२६ मध्ये १३ डिसेंबरला. याला गौदेते म्हणतात, म्हणजे "आनंद करा". जांभळ्याच्या जागी गुलाबी रंग येतो तो याच दिवशी. नाव आलंय फिलिप्पैकरांस पत्रातल्या ४:४ वरून. ते पत्र पौलाने तुरुंगातून लिहिलं हे आपण सांगतो, पण लगेच पुढच्या ओळीत काय आहे ते वाचत नाही. आनंद करा म्हटल्यावर तो म्हणतो, तुमची सौम्यता सर्वांना कळून येवो. आनंद द्यायला निघालेल्याचा आवाज, चाल आणि घाई इथेच तपासली जाते.

मांडणीचा नमुना हवा असेल तर लूक १:३९-५६ उघडा. येशूची आई मरिया आपल्या नात्यातल्या अलीशिबेकडे निघते. तिला कोणी बोलावलेलं नाही. अलीशिबेला सहावा महिना आहे, वय झालेलं आहे आणि घरात नवरा जखऱ्या मुका होऊन बसलाय. मरिया लगबगीने जाते, पहिलं अभिवादन स्वतः करते आणि सुमारे तीन महिने राहते. अलीशिबेच्या पोटातल्या मुलाने आनंदाने उडी मारली ती अभिवादनाच्या वेळी हे खरं, पण राहणं तीन महिन्यांचं आहे. तुमच्या आराखड्यात उडी आहे, राहणं नाही.

तेव्हा माणसं कमी घ्या आणि फेऱ्या वाढवा. बारा जणांच्या सहा जोड्या करा. प्रत्येक जोडीकडे दोन घरं किंवा दोन व्यक्ती आणि प्रत्येकीच्या चार भेटी. एकूण ४८ भेटी होतात, पण एका जोडीच्या वाट्याला आठच येतात आणि त्याही सहा आठवड्यांत पसरलेल्या. हे पेलवतं.

पहिली भेट ५ डिसेंबरच्या आत, रिकाम्या हाताने आणि वीस मिनिटांची. रिकाम्या हाताने मुद्दाम सांगतोय. वस्तू नेली की बोलणं वस्तूवर जातं, आभार मानण्यात वेळ सरतो आणि तुम्ही उठता. पहिल्या भेटीत एवढंच कळून घ्यायचं की या माणसाला दिवसाचा कुठला तास जड जातो. बहुतेकांचा तो संध्याकाळचा असतो. मग दुसरी भेट गौदेतेच्या आठवड्यात, त्या जड तासाला. तिसरी २१ तारखेच्या आत. चौथी २७ डिसेंबर ते ६ जानेवारीच्या दरम्यान, आणि ही चुकवली तर आधीच्या तिन्ही निम्म्या वाया. २६ तारखेपासून दार वाजवायला कोणी येत नाही. नाताळचा काळ तर अजून चालूच असतो. कॅथलिक पंचांगात तो प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत, म्हणजे १० जानेवारी २०२७ पर्यंत आहे.

आणि निघताना "येऊ परत कधीतरी" म्हणायचं नाही. वार, तारीख, वेळ आणि येणाऱ्या दोघांची नावं ठसठशीत अक्षरात कागदावर लिहून त्यांना दिसेल अशा जागी चिकटवा. तारीख माहीत असली की वाट पाहण्यात गोडी असते, नाहीतर तो नुसता ताटकळा. जमणार नसेल तर आदल्या दिवशी फोन करा. न सांगता तिसऱ्याच माणसाला बदली पाठवू नका, कारण एकट्या राहणाऱ्या माणसाला दारात अनोळखी चेहरा म्हणजे आनंद नसतो, धास्ती असते.

---

मंद्र_सप्तक

गाण्यांबद्दल. दोन्ही तट थोडे थोडे बरोबर आहेत. आगमनकाळाची उपासना दोन भागांत आहे. १६ डिसेंबरपर्यंत भर ख्रिस्ताच्या पुनरागमनावर, जागे राहण्यावर, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानावर. १७ पासून वाचनं सरळ जन्माकडे वळतात. मग १६ पर्यंत वाट पाहण्याची गाणी, यशयाची वचनं, स्तोत्रं. १७ नंतर जन्माच्या गाण्यांना हात घालायला हरकत नाही. मात्र ५ डिसेंबरला एखाद्या आजीने जन्माचं गाणं मागितलं तर म्हणा. मुकाट्याने म्हणा. तिथे पंचांग काढणाऱ्याला पुढच्या भेटीला नेऊ नका.

वृद्धाश्रमातल्या गाण्यात चुकतं ते वेगळ्याच ठिकाणी. पहिली चूक पट्टीची. गीतपुस्तकातल्या पट्ट्या तरुण, तापलेल्या गळ्यांसाठी असतात. सत्तरी ओलांडलेला आवाज तिथवर चढत नाही, मग मंडळी नुसती ऐकत बसतात आणि गाणाऱ्यांना वाटतं की त्यांना गायचंच नाही. सगळं दोन-तीन अर्धस्वरांनी खाली घ्या आणि लय थोडी सावकाश ठेवा, श्वासाला जागा मिळेल.

दुसरी चूक संख्येची. बारा जण एका खोलीत उभे राहिले की खाटेवरच्या माणसाला भिंत दिसते. सहा गाणारे पुरे. चार गाणी, पंधरा मिनिटं. प्रत्येक गाण्याचं पहिलं कडवं आणि धृपद, मग पुन्हा तेच कडवं. दुसऱ्या फेरीला ओठ हलायला लागतात. पाच कडव्यांचा हट्ट धरला तर तिसऱ्यापर्यंत फक्त तुम्हीच उरता.

कागद: १८ ते २० पॉइंटचा टाइप, पांढरट पण न चमकणारा कागद, एका पानावर एकच गाणं. मोबाईल बघून गाऊ नका, मान खाली जाते आणि चेहरा हरवतो. ज्यांना कमी ऐकू येतं ते ओठ वाचत असतात, म्हणून खिडकीला पाठ करून उभं राहायचं नाही, उजेड तुमच्या तोंडावर पडला पाहिजे. टाळ्या, खंजिरी, ढोलकी टाळा. श्रवणयंत्रात त्या नुसत्या फाटक्या आवाजासारख्या शिरतात. गिटार किंवा पेटी हळू वाजवली तर चालते.

स्मृतिभ्रंश झालेल्यांसमोर जुन्याच चाली घ्या. तरुणपणी पाठ झालेलं गाणं पुष्कळदा भाषा गेल्यावरही टिकून असतं. नवी, सजवलेली चाल बसवली असेल तर ती चर्चसाठी ठेवा. "मला ओळखलं का?" हा प्रश्न तर तोंडाबाहेर काढू नका, ती परीक्षा असते आणि माणूस नापास होतो. आपलं नाव आपण सांगावं आणि गाणं सुरू करावं.

शेवटच्या गाण्यानंतर लगेच "चला, येतो" नको. एक मिनिट गप्प बसा. मागणी, आठवण, रडू, जे यायचं ते त्याच मिनिटात येतं.

अजून एक, थोडं बाजूचं. १७ ते २३ डिसेंबर या सात संध्याकाळी सायंप्रार्थनेत मरियेच्या गीताआधी सात जुनी आवाहनं म्हणतात, रोज ख्रिस्ताचं एक नाव: ज्ञान, प्रभू, इशायाचं मूळ, दावीदाची किल्ली, उगवता प्रकाश, राष्ट्रांचा राजा, इम्मानुएल. मूळ लॅटिन नावांची आद्याक्षरं शेवटाकडून उलट वाचली की "एरो क्रास" होतं, म्हणजे "उद्या मी येईन". ज्यांच्याकडे रोज जाता येणार नाही त्यांना या सात संध्याकाळी ठरलेल्या वेळी चाळीस सेकंदांचा आवाजी निरोप पाठवा. एक नाव, एक वाक्य प्रार्थना, बस. निरोप ढकललेला नको, स्वतःच्या आवाजातला हवा आणि सुरुवातीला त्या माणसाचं नाव घेतलेलं हवं.

---

खाटेशेजारी

पंचांगकारांची वीस मिनिटं घरच्या भेटीसाठी ठीक आहेत. दवाखान्यात ती जास्त होतात. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या किंवा केमो चालू असलेल्या माणसाला सात ते दहा मिनिटं पुष्कळ. तो तुमच्यासाठी चेहरा हसरा ठेवतो आणि तुम्ही गेल्यावर दमून पडतो.

जाण्याआधी वॉर्डच्या प्रमुख नर्सला विचारा: कुठली वेळ, किती माणसं, काय चालणार नाही. एका खाटेपाशी दोघंच. सर्दी, खोकला, ताप असेल तर जायचं नाही. जुलाब-उलट्या झाल्या असतील तर थांबल्यानंतर पूर्ण ४८ तास जाऊ द्या. आत जाताना आणि बाहेर येताना साबणाने वीस सेकंद हात धुवा. सॅनिटायझरवर विसंबू नका, हिवाळी जुलाबाच्या नोरोव्हायरसवर तो नीट चालत नाही.

ऑक्सिजन लावलेला असेल त्या खोलीत मेणबत्ती पेटवायची नाही. लांबच्या टेबलावर नाही, "फक्त प्रार्थनेपुरती" नाही, अजिबात नाही. बॅटरीवरची मेणबत्ती मिळते, ती न्या. वासाचं काहीही नको: अत्तर, सुगंधी मेण, वासाची फुलं. केमोतल्या माणसाला त्याने मळमळतं. अतिदक्षता विभागात आणि प्रत्यारोपणाच्या रुग्णांकडे फुलं बहुधा मुळातच घेऊ देत नाहीत.

खाण्याचं काही थेट हातात देऊ नका. मधुमेह तरी लक्षात येतो, पण मूत्रपिंडाच्या रुग्णाला काही फळं पोटॅशियममुळे वर्ज्य असतात, आणि गिळायला त्रास असलेल्याला साधं पाणी किंवा भुसभुशीत बिस्किटसुद्धा श्वासनलिकेत जाऊ शकतं. खाऊ नर्सकडे द्या, ती ठरवेल.

मग न्यायचं काय? दोन मीटर लांब वायरचा चार्जर (खाटेपासून प्लग नेहमी लांब असतो), तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे, बिनवासाचं क्रीम, मोठ्या अक्षरात छापलेलं एखादं स्तोत्र. आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे तीन कोरी कार्डं, तीन पाकिटं, तिकिटं आणि चांगलं पेन.

कार्डं त्यांच्यासाठी नाहीत, त्यांच्याकडून आहेत. आजारी माणूस महिनोन् महिने फक्त घेत असतो: औषध, मदत, दया. त्याला देता येत नाही हे त्याचं वेगळं दुखणं असतं. घेण्यापेक्षा देणं धन्य, हे प्रेषितांची कृत्ये २०:३५ मधलं वचन आपण देणगीच्या पेटीवर लिहितो. ते खाटेवरच्या माणसालाही लागू आहे. विचारा, "नाताळला कोणाला दोन ओळी पाठवायच्यात का? तुम्ही सांगा, मी लिहितो." मग ते सांगतील तसंच लिहा. वाक्य सुधारू नका. लिहिलेलं एकदा वाचून दाखवा. सही त्यांच्या हातानेच होऊ द्या, थरथरली तरी. कार्डाखाली जाड पुठ्ठा धरा म्हणजे पेन घसरत नाही. पत्ता त्यांच्यासमोर लिहा आणि पाकीट त्याच दिवशी पोस्टात टाका. ते जीव टांगून बसलेले असतात. हे सगळं पहिल्या दोन आठवड्यांत करा, म्हणजे उत्तर यायला वेळ उरतो. उत्तर आलं की काम तुमच्या हातून सुटलं आणि त्या दोघांमध्ये सुरू झालं.

घरी सेवा करणाऱ्यांना विसरू नका. त्यांना भेट नको असते, दोन तास हवे असतात. तुम्ही बसा आणि त्यांना बाहेर जाऊ द्या. त्याआधी कागदावर लिहून घ्या: औषधांच्या वेळा, शौचाला कसं नेतात, त्रास झाला तर पहिला फोन कोणाला. औषध तुम्ही द्यायचं नाही, ते देऊन मगच त्यांनी निघावं. बसणाऱ्या दोघांपैकी एक जण रुग्णाच्याच लिंगाचा असावा. आणि सेवा करणाऱ्या बाई परत आल्यावर "किती हुशार आहेत हो आजोबा, काहीच त्रास नाही" असं म्हणू नका. रोज रात्री चार वेळा उठणाऱ्या बाईला ते टोचतं.

कॅथलिक रुग्णांना ख्रिस्तप्रसाद हवा असेल तर नाव आणि पत्ता फादरांना पहिल्याच आठवड्यात कळवा. शेवटच्या आठवड्यात त्यांची यादी भरलेली असते.

---

तेलाची_कुपी

कार्डांची गोष्ट डोक्यातच आली नव्हती. गाण्यांचा वाद मिटला असं समजतो. दुःखातल्या घरांबद्दल कोणी सांगेल का? गटातल्या काहींचं म्हणणं आहे की त्यांना यंदा एकटं सोडावं, उगाच जखम उघडायला नको.

---

रिकामी_खुर्ची

जखम उघडीच असते. तुम्ही नाव घेतलं नाही म्हणून ती मिटत नाही, फक्त आपल्या माणसाला सगळे विसरले असं वाटतं. त्यामुळे पहिला नियम: गेलेल्याचं नाव घ्या.

कार्ड पाठवणार असाल तर छापील शुभेच्छेचं नको. कोऱ्या कार्डावर चार ओळी. पहिल्या ओळीत गेलेल्याचं नाव. दुसरीत त्यांच्याबद्दलची एक ठोस गोष्ट: ते उपासनेनंतर खुर्च्या उचलायला थांबायचे, अशी. तिसरीत हे की या दिवसांत तुमची आठवण प्रार्थनेत आहे. चौथीत तुम्ही कधी येणार ते. "देवाची इच्छा", "आता ते चांगल्या जागी आहेत", "तुम्हाला खंबीर राहायला हवं" यातलं काही नको. ही वाक्यं खरी की खोटी हा प्रश्नच नाही. ती बोलणाऱ्याचं अवघडलेपण घालवतात, ऐकणाऱ्याचं नाही.

"काही लागलं तर सांगा" हेही नको. दुःखात माणसाला काय लागतं ते सुचत नाही आणि सुचलं तरी मागवत नाही. हो किंवा नाही म्हणता येईल असं विचारा: "शनिवारी चारला येतो. नाताळचं झाड माळ्यावरून काढायचं का? यंदा नको असेल तर नुसतं बसू." नको म्हणाले तर नको. मात्र एकदा नकार आला म्हणून पुढच्या आठवड्याचा फोन बंद करायचा नाही.

बऱ्याच चर्चमध्ये २१ डिसेंबरच्या आसपास शोकाकुल लोकांसाठी छोटी उपासना ठेवतात, उत्तर गोलार्धात रात्र सगळ्यात मोठी असते तेव्हा. (दक्षिण गोलार्धात तो सगळ्यात मोठा दिवस, त्यामुळे तिथे अंधाराचं रूपक बेतानेच वापरावं!) तुमचा गट हे करू शकतो. चाळीस मिनिटांच्या वर नेऊ नका. १३ किंवा १३० वं स्तोत्र, एक छोटं वाचन, नावं, मेणबत्त्या, शांतता, आशीर्वाद. प्रवचन पाच मिनिटं, किंवा नाहीच. दोन्हीपैकी कुठलं निवडाल असं विचारलंत तर नाहीच.

सगळी काळजी नावांत घ्यायची. आठवडाभर आधी लेखी यादी मागवा आणि प्रत्येक नावाचा उच्चार घरच्यांना विचारून कागदावर फोडून लिहा. वाचणारा एकच असावा. दोन नावांमध्ये तीन सेकंद थांबावं. एखादं नाव राहून गेलं तर ती चूक भरून येत नाही, म्हणून शेवटी "आणि ज्यांची नावं आपण मनात घेतो ते" असं म्हणून एक मेणबत्ती बिननावाची लावा. जन्माआधी गेलेल्या बाळांचे आईवडील त्या मेणबत्तीकडे बघत असतात.

मेणबत्त्या वाळूच्या परातीत, वाळू किमान पाच सेंटीमीटर खोल. दाराजवळच्या दोन रांगा मोकळ्या ठेवा, ज्यांना उठून जावंसं वाटेल त्यांना कोणाच्या पायांवरून जावं लागू नये. आणि संपल्यावर दारात हात मिळवायला रांग लावून उभे राहू नका. रडलेल्या चेहऱ्याने सहा जणांचे हात मिळवणं शिक्षा आहे.

---

चोवीस_दिवे

मुलांचं मी सांगते. मुलांना "छान दिसतं" म्हणून नेऊ नका, हे तुमच्याच लक्षात आलंय ते बरं झालं. त्यांना मोजायचं आणि साठवायचं काम द्या, ते त्यांना मोठ्यांपेक्षा चांगलं जमतं.

अ‍ॅडव्हेंट रीथची, चार मेणबत्त्यांच्या हिरव्या कड्याची, सुरुवातच मुलांच्या मोजण्यातून झाली. हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिख विखर्न हे पाळक गरीब मुलांचं वसतिगृह चालवत. नाताळ कधी, नाताळ कधी, असं मुलं रोज विचारायची. १८३९ साली त्यांनी बैलगाडीच्या चाकासारखं लाकडी चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या: रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांसाठी वीस लहान लाल. त्या वर्षी पहिला रविवार १ डिसेंबरला होता, म्हणून वीस. मुलांना ही बेरीज स्वतः करू द्या, यंदा किती लाल लागतील ते विचारा. (२०२६ साठी उत्तर २२.)

भेटीच्या घरी चार मेणबत्त्यांचं कडं द्यायचं असेल तर मेणाचा हिशोब करा. पहिली मेणबत्ती २६ दिवस जळते, दुसरी १९, तिसरी १२, चौथी फक्त ५. रोज पंधरा मिनिटं लावली तर पहिलीला साडेसहा तास होतात. दोन सेंटीमीटर जाडीची सरळ मेणबत्ती तासाला साधारण दोन ते अडीच सेंटीमीटर उतरते, म्हणजे १३ ते १६ सेंटीमीटर संपते. वीस सेंटीमीटरची कशीबशी पुरते, पंचवीसची घ्या. रोज अर्धा तास लावली तर नाताळच्या आधीच ज्योत पाल्याला भिडते, आणि पाला तोवर वाळून कोळ झालेला असतो. म्हणून धातूच्या वाट्या, खाली ताट, पाला दर आठवड्याला बदलायचा आणि मेणबत्ती बुंध्यापासून पाच सेंटीमीटरवर आली की नवी. ज्यांचे हात थरथरतात किंवा जे विसरतात त्यांना बॅटरीचीच द्या.

दुसरं काम उलट्या कॅलेंडरचं. आगमनकाळाच्या कॅलेंडरमध्ये रोज एक खिडकी उघडून आतली गोळी खातात, त्याऐवजी रोज एक वस्तू खोक्यात टाकायची. बहुतेक जण १ डिसेंबरला सुरू करून २४ ला खोकं घेऊन दारात उभे राहतात, आणि वाटप करणारी संस्था तोवर बंद झालेली असते. वरातीमागून घोडं. तुम्ही २५ नोव्हेंबरला सुरू करून १८ डिसेंबरला चोवीस वस्तू पूर्ण करा आणि त्याच दिवशी पोचवा. आधी संस्थेला फोन करून विचारा काय कमी पडतंय. धान्य असतंच, साबण, टूथपेस्ट, सॅनिटरी पॅड, लहान बाळाचे लंगोट हे आटतं. काचेच्या बरण्या नकोत, उघडलेलं पाकीट नको, मुदत किमान तीन महिने पुढची. जड वस्तू तळाशी. चोवीस वस्तूंचं एक खोकं मुलाला उचलता येणार नाही इतकं होतं, म्हणून बारा-बाराची दोन करा.

खेळणी द्यायची असतील तर मुलांच्या हातात देऊ नका, त्यांच्या आईवडिलांकडे द्या. न गुंडाळता. सोबत रंगीत कागदाची गुंडाळी, चिकटपट्टी आणि कोरी चिठ्ठी. गुंडाळणार ते, नाव घालणार ते, आणि मूल भेट उघडेल तेव्हा देणारे आईबाप असतील, तुम्ही नसाल. मायराचे बिशप संत निकोलस यांची परंपरेतली गोष्ट, रात्री गुपचूप थैली टाकून जाण्याची, मुलांना ६ डिसेंबरला सांगता येईल. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे मत्तय ६:३ मधलं वचन त्यांना त्यातून पटकन कळतं.

आणि हो, फोटो नकोत. घेणाऱ्याला "नको" म्हणायची सोय नसते.

---

तेलाची_कुपी

सगळ्यांचे आभार. फोटो रद्द, वृद्धाश्रमाची संध्याकाळ सहा जणांवर आणली. शेवटची शंका: यादीतली दोन घरं ख्रिस्ती नाहीत. तिथे प्रार्थना म्हणावी का? आणि पहिल्याच भेटीला कोणी दार उघडूनही "नको" म्हणालं तर?

---

उपासना_पंचांग

ख्रिस्ती नसलेल्या घरी प्रार्थना न विचारता सुरू करू नका, पत्रकं ठेवू नका आणि पुढच्या भेटीला चर्चचं आमंत्रण जोडू नका. का आलात असं विचारलं तर खरं सांगा: नाताळआधीचे हे चार आठवडे आम्ही वाट पाहण्याचे मानतो, आणि वाट पाहणाऱ्या माणसाने शेजाऱ्याची विचारपूस करावी असं आम्हाला शिकवलंय. योहानाला लोकांनी "आम्ही काय करावं?" विचारलं तेव्हा लूक ३:११ मध्ये त्याने दोन अंगरख्यांतला एक द्यायला सांगितलं, घेणारा कोण हे बघायला सांगितलं नाही. त्यांनी स्वतःहून प्रार्थना मागितली तर छोटी म्हणा, मराठीत, साध्या शब्दांत.

दारात "नको" आलं तर उंबऱ्याच्या बाहेरच थांबा. दार लोटताना पाय मध्ये घालून "दोनच मिनिटं" म्हणायचं नाही. "बरं, काही हरकत नाही" म्हणा, नावं आणि एक फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी द्या आणि जा. ती जोडी मोकळी झाली म्हणून तिला लगेच तिसरं घर देऊ नका. २० तारखेला त्याच दारावर एक कार्ड सोडायचं आहे, घंटी न वाजवता.

---

खाटेशेजारी

चिठ्ठीवर फोन नंबर घराचा नको, गटाचा एकच ठेवा आणि तो कोण, किती ते किती उचलणार हे ठरवा. रात्री नऊनंतर येणारे फोनच खरे असतात. त्या वेळेला जागं असणारं माणूस निवडा.